लतिकाची जागा

मंगळवार, ११ डिसेंबर २००७

नागपूरहून परत येऊन आठवडा झाला. बॅगा अजून हॉलमध्येच आहेत. अरुण त्यांना वळसा घालून स्वयंपाकघरात जातो.

लतिका गेली. हे वाक्य मी तिथे इतक्या जणांपुढे म्हटलं, की आता ते दुसऱ्याच कुणाच्या बहिणीबद्दल असावं असं वाटतं. रडू आलं नाही. तिथे नाही, इथेही नाही. परतताना विमानात शेजारच्या बाईंनी विचारलं, सुट्टीला गेला होतात का. मी हो म्हटलं.

आज समोरची लॉइस आली. हातात नेहमीचा काचेचा डबा, त्यात वाइल्ड राइस आणि मशरूमचं हॉटडिश, म्हणजे सगळं एकत्र घालून ओव्हनमध्ये भाजलेलं. आम्ही ईडन प्रेरीत राहायला आलो त्या हिवाळ्यापासून ती हे आणते. आमच्यासाठी त्यातली कोंबडी वगळते आणि दर वेळी तिच्या नवऱ्याच्या, डेलच्या मते, कोंबडीशिवाय ते पुरं होत नाही, हेही सांगते.

‘रडलीस का?’

‘नाही.’

‘येईल. माझी आई नोव्हेंबरात गेली, मला रडू आलं मार्चमध्ये. कार वॉशमध्ये. सगळीकडून पाणी, आणि आत मी.’

आम्ही दोघी हसलो. ती गेल्यावर मी डबा फ्रिजमध्ये ठेवला आणि फ्रिज उघडा ठेवून बराच वेळ उभी राहिले.

शनिवार, १५ डिसेंबर

सवयीने कॉम्प्युटर लावला. महिन्याच्या मध्याला इथलं सरकार पुढच्या महिन्याच्या व्हिसाच्या तारखा लावतं, म्हणजे कुठल्या तारखेपर्यंतच्या अर्जांचा नंबर लागला ते. मी अमेरिकेची नागरिक झाले आणि सत्त्याण्णव साली लतिकासाठी अर्ज केला. तेव्हापासून भावंडांच्या रांगेत भारताची तारीख कुठवर सरकली, ते मी बघायचं आणि लगेच तिला फोन करायचा, हा आमचा नेम. ‘ताई, आपला नंबर कुठवर आला गं?’ हे ती हॅलोच्या आधी विचारायची.

तारीख थोडी सरकली आहे. आमच्या अर्जाच्या तारखेच्या अगदी जवळ आली आहे. मी फोन उचलला, नंबर फिरवला. तिथे घंटा वाजायला लागली तेव्हा लक्षात आलं. तरी मी लगेच ठेवला नाही. धरमपेठेतल्या त्या खोलीत फोन वाजतोय, एवढं तरी.

संध्याकाळी अरुणला विचारलं, आता त्या अर्जाचं काय होतं. तो म्हणाला, ‘ती गेली, की तो संपला. जागा दुसऱ्या कुणाला देता येत नाही.’

कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर आम्हाला हेच सांगायच्या. दुपारच्या सुट्टीत पाण्याच्या नळापाशी रांग लागायची. नागपूरचं ऊन, आणि नळ दोनच. लतिका माझ्यामागे एक इयत्ता, तिचा वर्ग उशिरा सुटायचा. मी माझ्यापुढे हातभर जागा सोडून उभी राहायची. सिस्टर बेनेडिक्टा छडीने ती जागा दाखवून म्हणायच्या, ‘सुहासिनी, इथे कोण आहे? मला कुणी दिसत नाही.’ मग पळत लतिका यायची, आणि त्या जागेत न शिरता माझ्या मागे उभी राहायची. कुणी मागून ‘मला घाई आहे’ म्हटलं तर त्यालाही पुढे जाऊ द्यायची. तिचा पाणी प्यायचा नंबर यायच्या आत घंटा व्हायची.

रविवार, २३ डिसेंबर

कादंबरीचा फोन आला. लतिकाची एकुलती एक. आम्हाला मूल नाही, त्यामुळे ती आमच्याही वाटणीची. शिकायला अमेरिकेत आली, सिएटलजवळ बेलव्ह्यूला नोकरी लागली. ती कंपनी बंद पडल्यावर दुसरीकडे लागली, आता कुठल्याशा लहान कंपनीत आहे. नीट सांगत नाही, मीही विचारत नाही.

ती नागपूरला आली नाही. आईला शेवटचं बघायला नाही आणि तेराव्यालाही नाही. लोक मला विचारत होते, मुलगी कुठाय? मी सांगितलं, प्रोजेक्ट आहे. हे सांगताना माझीच मान खाली गेली. आज तिला विचारायचं ठरवलं होतं. पण ती म्हणाली, ‘मावशी, आईच्या कपाटात काय काय होतं सांग ना.’ मी सांगत बसले. साड्या, तिच्या बाबांचा चष्मा, आणि मी पाठवलेला राखाडी गरम कोट. डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेला, एकदाही न घातलेला. ‘नंबर लागला की घालीन’ म्हणायची. तो मी बरोबर घेऊन आले आहे.

पलीकडे लहान मुलं भांडत होती. एकाने तिला ‘कॅडी’ अशी हाक मारली. तिकडच्या कंपन्यांत मुलांना ऑफिसात आणू देतात म्हणे, रविवारीसुद्धा. चांगली सोय आहे.

अरुण तिच्याशी बोलला नाही. कधीच बोलत नाही. ‘दे माझा हॅलो,’ एवढंच लांबून म्हणतो. ती का आली नाही, हेही त्याने मला एकदाही विचारलं नाही. पुरुषांना या गोष्टी सुचत नाहीत.

रविवार, ६ जानेवारी २००८

घरी अरुणच्या पक्षाची माणसं आली होती. अरुण आमच्या वॉर्डाचा संयोजक आहे, पाच फेब्रुवारीला आमच्याकडे कॉकस आहे. वॉर्डातले पक्षाचे लोक एका खोलीत जमतात, अध्यक्षपदाचा उमेदवार कोण असावा याच्या चिठ्ठ्या टाकतात, मग ज्याला वाटेल त्याने ठराव मांडायचा आणि हात वर करून मतं घ्यायची. मी कॉफी केली, चिवडा ठेवला. डेलने तो चमच्याने खाल्ला.

सगळं बोलणं अध्यक्षपदासाठी पुन्हा उभ्या राहिलेल्या सिनेटरबद्दल. अरुणला ते पूर्वीपासून आवडतात. मागच्या खेपेला ते उभे होते तेव्हाचं स्टिकर अजून आमच्या जुन्या गाडीवर आहे. पण आता सगळ्यांना शंका.

‘माणूस सोन्यासारखा आहे,’ डेल म्हणाला, ‘पण गेल्या उन्हाळ्यात त्या बिलाच्या मागे उभा होता की नाही? चोरून आलेल्यांना दंड भरा आणि राहा. याला मी माफी म्हणतो.’

‘आता म्हणतात आधी सरहद्द बंद करू,’ दुसरे एक गृहस्थ म्हणाले.

लॉइस म्हणाली, ‘आता म्हणतातच. मतं मागताना माझा डेलसुद्धा भांडी घासीन म्हणतो.’

मग सगळे अरुणकडे बघायला लागले. असं नेहमी होतं. या विषयावर तो काय म्हणतो ते ऐकायला सगळे थांबतात, आणि तो त्यांच्याहून थोडं जास्तच कडक बोलतो. म्हणाला, ‘मी रांगेतून आलो. कायदा म्हणजे कायदा. या बाबतीत सिनेटरांवर माझा भरवसा नाही.’ डेलने त्याच्या पाठीवर थाप मारली.

तेव्हा लॉइसला लतिकाची आठवण झाली. सगळ्यांना सांगितलं, हिची बहीण दहा वर्षं रांगेत उभी राहिली आणि उभ्या उभ्या गेली. डेल म्हणाला, ‘यावर ठराव हवा. रांग मोडून जे आत आले त्यांनी देशाबाहेर जावं, आणि रांगेच्या शेवटी उभं राहावं. सुहास, तू बोल त्यावर. तुझ्या बहिणीसाठी.’

अरुण पटकन म्हणाला, ‘नको. तिला त्रास होईल.’

मला बरं वाटलं. माझी इतकी काळजी त्याने बऱ्याच दिवसांत केली नव्हती.

शनिवार, १२ जानेवारी

अरुणने गाडीवरचं स्टिकर काढलं. शून्याखाली थंडी, आणि हा माणूस गॅरेजमध्ये माझा हेअर ड्रायर घेऊन. अर्धं निघालं, अर्धं राहिलं.

मी चहा घेऊन गेले तर तो फोनवर होता, मराठीत बोलत होता. मला बघून ठेवला. ‘पार्टीचं काम,’ म्हणाला.

पार्टीत मराठी कोण आहे कोण जाणे. आमच्या ओळखीच्या, वेस्ट विंडसरच्या विक्रमने तिकडे पक्षाचं काहीतरी सुरू केलंय असं मागे ऐकलं होतं, त्याच्याशी असेल.

रविवार, २० जानेवारी

मी बोलणार आहे. लॉइसला फोन करून सांगितलं.

का, ते इथे लिहिते, कारण दुसरं कुणाला सांगता येणार नाही. मला काहीच वाटत नाहीये. भात लावते, बर्फ ढकलते, लायब्ररीत जाते. रात्री झोपही लागते. लतिकाचं नाव घेतलं की लॉइसच्या डोळ्यांत पाणी येतं, जिने तिला कधी पाहिलंही नाही. मला वाटलं, चार लोकांपुढे उभं राहून बोललं तर आत काहीतरी हलेल. राग तरी येईल. कुणीतरी तिच्यापुढे घुसलं म्हणून तिचा नंबर आला नाही, असं मला मनापासून वाटायला हवं आहे. तसं वाटलं तर किती सोपं होईल.

अरुणला सांगितलं. तो वर्तमानपत्र वाचत होता. पान उलटायचं राहिलं.

‘सुहास, ऐक माझं. नको बोलूस.’

‘का?’

‘असंच. घरातल्या गोष्टी बाहेर कशाला?’

‘तू तर मीटिंगमध्ये काय काय बोलतोस.’

‘माझी गोष्ट वेगळी आहे,’ तो म्हणाला. काय वेगळं, ते सांगितलं नाही. मी भांडले नाही. भांडायला लागतं ते माझ्याकडे सध्या नाही.

रविवार, ३ फेब्रुवारी

आज सगळं गाव फुटबॉलच्या फायनलसाठी टीव्हीपुढे. अरुण डेलकडे गेला होता. संध्याकाळी कादंबरीचा फोन आला. आज मागे मुलं नव्हती.

‘मावशी, तू मंगळवारी भाषण करणार आहेस?’

‘तुला कुणी सांगितलं?’

‘सांगितलं कुणीतरी. मावशी, नको करूस ना, प्लीज.’

मी म्हटलं, तुझ्या आईसाठीच करतेय, तुला का नको? मग जे एवढे दिवस अडकलं होतं तेही बाहेर आलं. म्हटलं, आईसाठी तू स्वतः काय केलंस? आली तरी होतीस का?

ती म्हणाली, ‘नागपूरला आले असते तर कायद्याने परत इकडे येता आलं नसतं. दहा वर्षं तरी.’

मला कळेना. तिने सावकाश सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. पहिली कंपनी बंद पडल्यावर ज्या माणसाने तिला घेतलं, त्याने तिचे व्हिसाचे कागद पुढे पाठवलेच नाहीत. पगार देत नव्हता, कागद आज भरतो उद्या भरतो म्हणत होता. तिला समजलं तोवर इथे राहायची मुदत कधीच उलटून गेली होती. तेव्हाच परत जायला हवं होतं. पण आई रोज मैत्रिणींना सांगायची, माझी मुलगी अमेरिकेत इंजिनिअर आहे. ‘मग थोडं थांबू, काहीतरी होईल, असं करत राहिले, मावशी. आता चार वर्षं लोकांची मुलं सांभाळते. चांगले आहेत ते लोक. पण त्यांची बदली झाली, इथलं घर बंद करतायत.’

‘लतिकाला माहीत होतं?’

‘नाही.’

फोन कानाशी धरून मी खिडकीतून बघत होते. डेलकडे सगळे एकदम ओरडले, बंद खिडक्यांतूनही ऐकू आलं. मी म्हटलं, ‘इकडे ये.’

‘काका…’

‘काकाला मी सांगते. तू ये.’

ती म्हणाली, ‘तू रागावली नाहीस?’

खरं सांगायचं तर मला तेही जमलं नाही.

बुधवार, ६ फेब्रुवारी

काल कॉकस झाला. शाळेतल्या एका वर्गात होता, सातवीचा असावा. एवढ्याशा बाकांत आम्ही मोठाली माणसं गुडघे आडवे करून बसलो. फळ्यावर अपूर्णांक होते. मला घरी आल्यासारखं वाटलं.

दिवसभर अरुणला कादंबरीबद्दल सांगायचं होतं. सकाळी तो कागद जुळवत होता, दुपारी खुर्च्या मोजायला गेला. नंतर सांगू म्हटलं.

आधी चिठ्ठ्या टाकल्या. सिनेटर आमच्या वर्गात बरेच मागे पडले. कुणी त्यांना वाईट म्हटलं नाही. एक आजी उठून म्हणाल्या, ‘माझं त्यांच्यावर प्रेम आहे, पण मी घराला कुलूप लावते.’ लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग डेलने ठराव वाचला. लॉइसने माझ्या दंडाला हात लावला. मी उभी राहिले. सिस्टर बेनेडिक्टांनी शिकवलं होतं, आधी दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकवायचे, हात बाजूला, मग बोलायचं. तशी उभी राहिले. अरुण समोर टेबलापाशी होता. तो माझ्याकडे बघत नव्हता, अपूर्णांकांकडे बघत होता.

मी म्हटलं, ‘माझी बहीण लतिका रांगेत वारली. शाळेत मी तिच्यासाठी जागा धरायची. इथेही धरली होती. ती जागा आता रिकामी आहे. मला ती तिच्या मुलीला द्यायची आहे, पण कायद्यात तसं देता येत नाही. तुम्ही ठराव लिहीतच आहात, तर हे त्यात लिहाल का?’

आणि बसले. एवढंच मला सुचलं होतं.

डेल गोंधळला. ‘म्हणजे, आपल्या ठरावाचा विषय जरा…’

मागून ती कुलूपवाली आजी म्हणाली, ‘डेल, लिही की. आईची जागा मुलीला नको मिळायला?’

‘मी अनुमोदन देते,’ लॉइस म्हणाली. तिचे डोळे पुसून झाले नव्हते.

डेलने वेगळा ठराव लिहिला, फळ्याच्या खडूने हात पांढरा झालेला, तोच पँटला पुसत. रांगेतलं माणूस वारलं तर त्याची जागा त्याच्या मुलाला किंवा मुलीला मिळावी. सगळ्यांनी हात वर केले. एकही हात खाली नव्हता. अरुणने सगळ्यांच्या आधी वर केला. मी कधी त्याला एवढा उंच हात करताना पाहिलं नाही.

मग लगेच पहिला ठराव. रांग मोडून आलेल्यांनी देशाबाहेर जावं. पुन्हा सगळ्यांचे हात वर. तेच हात, तीच मायाळू माणसं. काही जण माझ्याकडे बघून हसले, हेही तुमच्यासाठीच, असं. माझे हात मांडीवर होते. ते माझे आहेत असं वाटत नव्हतं. अरुण हात मोजत होता, त्याचा स्वतःचा एक हात कोटाच्या खिशात. संयोजकाला मत देता येत नसेल. पण मग आधीच्या ठरावाला त्याने दिलं होतं. विसरला असेल.

परतताना गाडीत मी सांगितलं. कादंबरीचं सगळं. आणि ती राहायला येतेय हेही. त्याने गाडी सावकाश चालवली, रस्त्यावर बर्फ गोठला होता. दारापाशी म्हणाला, ‘शनिवारी विमानतळावर मीच जातो. तुला बर्फात चालवायला नको.’

मी शनिवार म्हटलं होतं का? म्हटलं असेन.

शनिवार, ९ फेब्रुवारी

कादंबरी आली. आम्ही दोघंही गेलो. पातळ जाकीट, सिएटलच्या पावसापुरतं. ती आधी अरुणच्या गळ्यात पडली. ‘काका, तुम्ही नसतात तर,’ म्हणाली, आणि तो ‘बरं बरं, बॅग कुठाय,’ म्हणत राहिला. त्याचा आवाज घोगरा झाला होता. थंडी फार होती.

मी तिला लतिकाचा कोट दिला. तिने घातला. खांद्यात अगदी बेताचा बसला. डांबराच्या गोळ्यांचा वास गाडीभर पसरला, कुणी काच खाली केली नाही.

गुरुवार, १४ फेब्रुवारी

लॉइस आली, व्हॅलेंटाइनचे लेमन बार, म्हणजे लिंबाच्या वड्या, घेऊन. दार कादंबरीनेच उघडलं.

‘अगंबाई! ही मुलगी का? हिलाच जागा द्यायची ना?’ लॉइसने तिला मिठीच मारली. ‘भेटायला येऊ दिलं तर सरकारने! कधी आलीस नागपूरहून? प्रवास फार लांबचा ना?’

कादंबरीने माझ्याकडे पाहिलं. मी शाळेत खोटं बोलले नव्हते. सिस्टर म्हणायच्या, सुहासिनीला खोटं येतच नाही, तिचे कान लाल होतात. मी म्हटलं, ‘हो. फार लांबून आली.’ माझे कान गरम झाले.

लॉइस हसता हसता थांबली. तिने खुंटीवरचं पातळ जाकीट पाहिलं, ती सांभाळायची त्या मुलांनी त्यावर चिकटवलेला डायनासोर अजून होता. मग तिने माझ्या कानांकडे पाहिलं. मग म्हणाली, ‘किती दिवस राहणार?’

‘राहील तितके,’ मी म्हटलं.

‘हं.’ तिने डब्यावरचा फॉइल काढला, पुन्हा नीट लावला. ‘तुला बार आवडतात ना गं? लिंबू खरं आहे, बाटलीतलं नाही.’ जाताना कोटाची बटणं लावत मला हळूच म्हणाली, ‘डेलला मी काही बोलत नाही हं. त्याला उगाच प्रश्न पडतात.’

डेलला लेमन बारबद्दल कसले प्रश्न पडणार, मला कळलं नाही. पण ती रस्ता ओलांडून दारापर्यंत पोचेपर्यंत मी काचेतून बघत होते, आणि ती दारात वळून हात हलवेपर्यंत हलले नाही.

आत आले तर कादंबरी सिंकपाशी रिकामा ग्लास घेऊन उभी. मी भांडी विसळत होते ती तशीच टाकून गेले होते, नळ थेंब थेंब गळत होता. मी परत सिंकपाशी गेले, तर ती सरकून माझ्या मागे उभी राहिली.

‘तू घे ना पाणी,’ मी म्हटलं.

‘तुझं होऊ दे आधी, मावशी. मला काही घाई नाही.’

मी नळ सोडला. हात पाण्याखाली धरून उभी राहिले, आणि मग बरंच काही झालं, ते लिहीत नाही. अरुण गॅरेजमधून धावत आला, काय झालं काय झालं म्हणत. कादंबरी म्हणाली, ‘काही नाही काका, होऊ दे.’

आता संध्याकाळ आहे. दोघं टेबलाशी बसून लेमन बार खातायत आणि अरुण तिला सांगतोय की यात कोंबडी नाही म्हणून डेलला हे पुरं वाटत नसेल. ती हसतेय.

महिन्याचा मध्य आला. नव्या तारखा लागल्या असतील. कॉम्प्युटर लावला नाही.